फॉस्फेट अवक्षेपणाने द्रावणातील मॅग्नेशियम मोजणे : पहिल्या थेंबापासून अखेरच्या वजनापर्यंत

द्रावणात विरघळलेला धातू नेमका किती आहे हे ठरवण्याची जी भारात्मक, म्हणजे वजनावर आधारलेली, पद्धत आहे, तिच्यात धातूला एखाद्या अविद्राव्य क्षाराच्या रूपात द्रावणाबाहेर आणतात (या क्रियेला अवक्षेपण आणि खाली बसलेल्या क्षाराला अवक्षेप म्हणतात), तो क्षार गाळून धुतात, तापवून ठरावीक संघटनाच्या पदार्थात बदलतात आणि त्या पदार्थाचे वजन करतात. धातूला बाहेर आणण्यासाठी फॉस्फेट वापरण्याची रीत मॅग्नेशियम, जस्त, मँगनीज, बिस्मथ, झिर्कोनियम अशा बऱ्याच धातूंना लागू पडते. या लेखात मॅग्नेशियमचे मापन सविस्तर दिले आहे, कारण फॉस्फेट अवक्षेपणातील जवळजवळ सगळ्या अडचणी या एकाच धातूत भेटतात आणि तो नीट जमला की बाकीचे धातू सोपे जातात. शेवटी त्या इतर धातूंसाठी कोणते बदल करावे लागतात तेही थोडक्यात सांगितले आहे.

ईडीटीए हे धातूला बांधून घेणारे रसायन आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक वापरून पंधरा मिनिटांत अनुमापन, म्हणजे लागलेल्या द्रावणाच्या आकारमानावरून मापन, होत असताना दोन दिवस चालणारी ही पद्धत कशासाठी शिकायची, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की अनुमापनाचा निकाल तुमच्या प्रमाण द्रावणाइतकाच, म्हणजे ज्ञात संहतीच्या द्रावणाइतकाच, विश्वासार्ह असतो, आणि ते प्रमाण द्रावणही कशावरून तरी पडताळावे लागते. भारात्मक पद्धतीला मात्र मॅग्नेशियमचे प्रमाण द्रावण लागत नाही. तिला तराजू आणि अणुभार पुरतात. दुसऱ्या एखाद्या पद्धतीचा निकाल बरोबर आहे की नाही याचा निवाडा करायचा असेल तेव्हा अशा पद्धतीचा आधार घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. या मापनाची अचूकता भट्टीत किंवा तराजूवर ठरत नाही, ती चंचुपात्रात अमोनियाचे थेंब पडत असताना ठरते. चुकीच्या संघटनाचा अवक्षेप एकदा तयार झाला की पुढची कितीही काळजी तो दोष दूर करू शकत नाही. म्हणून खाली अवक्षेपणाच्या टप्प्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

रसायन काय घडते

मॅग्नेशियमच्या आम्लधर्मी द्रावणात अमोनियम फॉस्फेट घालून अमोनियाने ते हळूहळू अल्कधर्मी केले की मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट स्फटिकरूपाने खाली बसते. प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे ६ रेणू असतात आणि त्याचा रेणुभार २४५.४१ आहे. निसर्गातही हाच पदार्थ सापडतो. १८४५ मध्ये हॅम्बर्ग शहरातील सेंट निकोलाय चर्चच्या पायाभरणीच्या वेळी खोदलेल्या मातीत तो मिळाला आणि त्याला स्ट्रुव्हाइट असे नाव देण्यात आले. मूत्रमार्गातील जंतुसंसर्गामुळे होणारे मूतखडेही बहुतांशी याच पदार्थाचे असतात.

हा अवक्षेप १००० ते ११०० अंश सेल्सिअसला तापवला की दोन रेणूंमधून अमोनियाचे २ आणि पाण्याचे १३ रेणू निघून जातात आणि मॅग्नेशियम पायरोफॉस्फेट उरते. त्याचा रेणुभार २२२.५५ असून त्यात मॅग्नेशियमचे २ अणू असतात. म्हणजे पायरोफॉस्फेटच्या वजनाला ०.२१८४ ने गुणले की मॅग्नेशियमचे वजन मिळते, आणि ०.३६२२ ने गुणले की मॅग्नेशियम ऑक्साइडचे. हा गुणक लहान आहे ही विश्लेषकाच्या फायद्याची गोष्ट आहे, कारण अंतिम वजनात १ मिलिग्रॅमची चूक झाली तरी मॅग्नेशियमच्या आकड्यात ती जेमतेम ०.२२ मिलिग्रॅमची होते.

अडचण दोन बाजूंनी येते. पहिली अडचण विद्राव्यतेची. हा क्षार बेरियम सल्फेटसारखा हट्टी अविद्राव्य नाही. शुद्ध पाण्यात तो लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त विरघळतो, कारण पाण्यात त्याचा फॉस्फेट आयन हायड्रोजन फॉस्फेटमध्ये बदलतो आणि अमोनियम आयन अंशतः अमोनियात बदलतो. अमोनिया आणि फॉस्फेट दोन्ही मुबलक असलेल्या थंड द्रावणात मात्र ही विद्राव्यता नगण्य होते. दुसरी अडचण संघटनाची. अमोनियम क्षार अपुरे असतील आणि द्रावण एकदम अल्कधर्मी केले असेल तर काही मॅग्नेशियम साध्या ट्रायमॅग्नेशियम फॉस्फेटच्या रूपात खाली येते. त्यात मॅग्नेशियमच्या एका अणूमागे वजन कमी भरते, त्यामुळे निकाल कमी येतो. उलट अमोनियम क्षार आणि फॉस्फेट फारच जास्त असतील तर अवक्षेपात जादा अमोनियम फॉस्फेट शिरते, भट्टीत त्याचे मॅग्नेशियम मेटाफॉस्फेट होते आणि निकाल जास्त येतो. द्रावणात पोटॅशियम भरपूर असेल तर ते अमोनियमची जागा घेते आणि तेव्हाही निकाल जास्तच येतो. दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना झाकून टाकू शकतात, म्हणून दोन समांतर नमुन्यांचे आकडे जुळले एवढ्यावर समाधान मानू नये.

तयारी

सरावासाठी शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम मीठ, सर्वांत सोयीचे. त्यात पाण्याचे ७ रेणू असतात, रेणुभार २४६.४७ असतो आणि मॅग्नेशियमचे प्रमाण ९.८६ टक्के असते. हा ज्ञात आकडा हाताशी असल्यामुळे आपले काम कितपत बरोबर झाले ते लगेच कळते. मात्र बाटली जुनी आणि सैल झाकणाची असेल तर कोरड्या हवेत या स्फटिकांतील पाणी उडालेले असते आणि मॅग्नेशियमचे प्रमाण वाढलेले दिसते, म्हणून स्वच्छ, पारदर्शक स्फटिकच घ्यावेत. पांढरी भुकटी झालेले घेऊ नयेत.

डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट विश्लेषणासाठीच्या शुद्धतेचे असावे. त्याचे २५ ग्रॅम १०० मि.लि. पाण्यात विरघळवून द्रावण त्याच दिवशी करावे आणि गाळून घ्यावे. शेतकरी ज्याला डीएपी म्हणतात ते खत म्हणजे रासायनिकदृष्ट्या हाच पदार्थ आहे, पण त्यात लोह, ॲल्युमिनियम आणि स्वतःचे थोडे मॅग्नेशियमही असते, त्यामुळे या कामाला ते अजिबात चालत नाही. याशिवाय संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, संहत अमोनिया द्रावण, मिथिल रेड दर्शक, धुण्यासाठी १ भाग संहत अमोनिया आणि १९ भाग पाणी यांचे मिश्रण, सिल्व्हर नायट्रेट आणि विरल नायट्रिक आम्ल एवढी रसायने लागतात. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडण्यापूर्वी थंड पाण्यात ठेवून गार करावी आणि फ्यूम हूडमध्येच उघडावी, कारण एप्रिल-मे महिन्यांत झाकण फिरवताच आत साठलेला वायू जोराने बाहेर येतो.

उपकरणांत ४०० मि.लि.ची चंचुपात्रे, रबरी टोक लावलेली काचकांडी, राख न सोडणारा बारीक छिद्रांचा गाळणी कागद, चिनी मातीची किंवा सिलिकाची मूस (अवक्षेप तापवण्याचे छोटे भांडे), मफल भट्टी, डेसिकेटर (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेले बंद भांडे) आणि ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा तराजू हवा. चंचुपात्र नवे किंवा आतून बिलकूल चरे नसलेले निवडावे. हे किरकोळ वाटते, पण या क्षाराचे स्फटिक काचेवरच्या चऱ्यांवर असे घट्ट बसतात की रबरी टोकानेही निघत नाहीत.

मूस आधी भट्टीत १००० अंशांना तासभर तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून तिचे वजन करावे आणि पुन्हा तापवून वजन करावे. दोन वजनांतला फरक ०.३ मिलिग्रॅमपेक्षा कमी होईपर्यंत हे चालू ठेवावे. रिकाम्या मुशीचे वजन स्थिर करण्याचा कंटाळा करणारा माणूस पुढे भरलेल्या मुशीतल्या फरकाचा अर्थ लावू शकत नाही.

अवक्षेपण

एप्सम मीठ सुमारे ०.८ ग्रॅम अचूक वजन करून घ्यावे. त्यात मॅग्नेशियम ०.०७९ ग्रॅमच्या आसपास असते. १५० मि.लि. द्रावणात ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त मॅग्नेशियम असू नये, ही मर्यादा पाळावी. जास्त झाले तर अवक्षेप फार मोठा होतो, धुणे लांबते आणि त्यात इतर क्षार अडकतात. मीठ १३० मि.लि. पाण्यात विरघळवून त्यात ५ मि.लि. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. हे आम्ल नंतर अमोनियाने उदासीन होते आणि त्यातून अवक्षेपाच्या योग्य संघटनाला आवश्यक असलेले अमोनियम क्लोराइड आपोआप द्रावणातच तयार होते. मग मिथिल रेडचे तीन-चार थेंब आणि १० मि.लि. फॉस्फेट द्रावण घालावे. एवढ्या फॉस्फेटचे प्रमाण मॅग्नेशियमच्या मानाने जवळपास सहापट असते आणि ते पुरेसे आहे. द्रावण या वेळी लाल आणि पूर्णपणे स्वच्छ दिसले पाहिजे. गढूळ दिसले तर आम्ल कमी पडले आहे किंवा नमुन्यात काही अशुद्धी आहे, आणि त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

चंचुपात्र बर्फाच्या पाण्यात ठेवावे. कोमट किंवा गरम द्रावणात पाण्याचा एकच रेणू असलेला क्षारही तयार होऊ शकतो आणि विद्राव्यताही वाढते. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४० अंशांच्या घरात असते तेव्हा तर बर्फाशिवाय हे काम करूच नये. आता संहत अमोनिया ब्युरेटमधून किंवा पिपेटमधून थेंब थेंब सोडत सतत ढवळत राहावे, मात्र कांडी काचेला घासू देऊ नये. गुणात्मक परीक्षेत परीक्षानळीच्या भिंतीवर कांडी घासून स्फटिक लवकर पाडण्याची सवय लागलेली असते. इथे तीच सवय अवक्षेप काचेला चिकटवून टाकते.

दर्शक लालवरून पिवळ्याकडे सरकू लागला की वेग आणखी कमी करावा. मिथिल रेड सामू (pH) ४.४ च्या खाली लाल आणि ६.२ च्या वर पिवळा असतो, आणि याच पट्ट्यापलीकडे स्फटिक दिसायला सुरुवात होते. अवक्षेपणाचा सगळा कस या दोन-तीन मिनिटांत लागतो. अमोनिया हळू पडला तर थोडे केंद्रक, म्हणजे स्फटिकांची बीजे, तयार होतात, ते मोठे होत जातात आणि चमकदार, लवकर खाली बसणारे स्फटिक मिळतात. अमोनिया एकदम ओतला तर दह्यासारखा पांढरा लगदा पडतो, त्यात ट्रायमॅग्नेशियम फॉस्फेट असते आणि तो गाळणीतूनही नीट उतरत नाही. रंग पिवळा झाल्यावर पाच मिनिटे ढवळत राहावे आणि रंग पुन्हा लालसर झाल्यास अमोनियाचे थेंब घालून तो पिवळा राखावा. अवक्षेप पडताना हायड्रोजन आयन मोकळे होतात, त्यामुळे असे होणे स्वाभाविकच आहे. शेवटी ५ मि.लि. संहत अमोनिया जास्तीचा घालून आणखी एक मिनिट ढवळावे.

चंचुपात्रावर काचेचे झाकण ठेवून ते थंड जागी किमान ४ तास, शक्यतो रात्रभर राहू द्यावे. मॅग्नेशियम अगदी थोडे, म्हणजे काही मिलिग्रॅमच असेल तर रात्रभर ठेवणे सक्तीचेच समजावे. हा क्षार अतिसंपृक्त द्रावणात बराच वेळ विरघळलेला राहतो आणि लवकर गाळले तर गाळीव द्रवात दुसऱ्या दिवशी स्फटिक दिसतात. तोच त्याचा पुरावाही आहे, म्हणून पहिला गाळीव द्रव फेकून न देता एक रात्र ठेवून पाहण्याची शिस्त लावून घ्यावी.

गाळणे, धुणे आणि दुसऱ्यांदा अवक्षेपण

वरचा स्वच्छ द्रव आधी गाळणीतून उतरवावा, अवक्षेप शक्य तितका चंचुपात्रातच राहू द्यावा आणि मग विरल अमोनियाच्या थोड्या थोड्या भागांनी तो धुऊन गाळणीवर घ्यावा. शुद्ध पाण्याने कधीही धुऊ नये. वर दिलेला विद्राव्यतेचा आकडा लावून पाहिला तर १०० मि.लि. पाण्याने धुतल्यास १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अवक्षेप विरघळू शकतो, आणि आपल्या ०.८ ग्रॅम अवक्षेपाच्या मानाने ती एक टक्क्याहून मोठी चूक आहे. धुण्याचे द्रावण थंड असावे, एका वेळी ५ ते १० मि.लि. घ्यावे आणि आधीचे पूर्ण निथळल्यावरच पुढचे ओतावे.

धुणे पुरे झाले का हे क्लोराइडच्या परीक्षेने कळते. गाळणीतून पडणारे थोडे थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्ल घालावे आणि मगच सिल्व्हर नायट्रेट घालावे. आम्ल घातले नाही तर अमोनियामध्ये सिल्व्हर क्लोराइड विरघळून जाते, नळी स्वच्छ दिसते आणि धुणे अपुरे असताना पुरे झाल्याचा भास होतो.

शुद्ध एप्सम मिठाच्या सरावात एकदाच अवक्षेपण केले तरी निकाल ठीक येतो. खऱ्या नमुन्यात, जिथे आधीच्या टप्प्यांतून आलेले सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे क्षार द्रावणात भरपूर असतात, तिथे दुसऱ्यांदा अवक्षेपण टाळू नये असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वेळचा अवक्षेप फार धुण्यात वेळ घालवू नये. तो गाळणीवरच कोमट विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने, १ भाग आम्ल आणि ९ भाग पाणी या प्रमाणात, सुमारे ५० मि.लि. मध्ये विरघळवून त्याच चंचुपात्रात उतरवावा. भिंतीला चिकटलेले स्फटिकही त्याच आम्लाने सुटतात. गाळणी नीट धुवावी, द्रावण १५० मि.लि. पर्यंत वाढवावे, फॉस्फेट द्रावण या वेळी फक्त १ मि.लि. घालावे आणि वरच्याच पद्धतीने थंडीत अमोनियाने अवक्षेप पाडावा. या वेळी फॉस्फेट कमी लागते, कारण मॅग्नेशियमइतके फॉस्फेट अवक्षेपासोबत आलेलेच असते. द्रावणात आता बाहेरचे क्षार जवळजवळ नसल्यामुळे दुसऱ्या खेपेला पडणारा अवक्षेप अपेक्षित संघटनाच्या फार जवळ असतो.

तापवणे

गाळणी कागदासह अवक्षेप मुशीत ठेवून आधी मंद आचेवर वाळवावा. नंतर कागद ज्वाळा न येऊ देता हळूहळू कोळसू द्यावा. इथे घाई केली तर जळता कार्बन फॉस्फेटचे क्षपण करून फॉस्फरस उडवून लावतो आणि निकाल कमी येतो. याच कारणाने प्लॅटिनमची मूस या कामाला वापरू नये. फॉस्फरसमुळे प्लॅटिनम ठिसूळ होते आणि मूस कायमची खराब होते. कार्बन ९०० अंशांच्या खालीच, हवा खेळती ठेवून पूर्ण जाळून घ्यावा आणि अवशेष पांढरा झाल्यावरच तापमान १००० ते ११०० अंशांवर न्यावे. त्या तापमानावर एक तास ठेवून, डेसिकेटरमध्ये गार करून वजन करावे आणि पुन्हा अर्धा तास तापवून वजन स्थिर झाल्याची खात्री करावी.

अवशेष राखाडी राहिला तर जळायचा कार्बन शिल्लक आहे असे समजावे. मूस गार झाल्यावर त्यावर नायट्रिक आम्लाचा एखादा थेंब टाकून, अतिशय काळजीपूर्वक वाळवून ती पुन्हा तापवावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डेसिकेटरमधील सिलिका जेल दोन-तीन दिवसांतच ओलावते, त्यामुळे या काळात ते वरचेवर तापवून कोरडे करून घ्यावे आणि मूस डेसिकेटरमधून काढल्यावर तराजूवर ठेवण्यात वेळ दवडू नये.

भट्टी नसेल तर अवक्षेप जी-४ प्रतीच्या, म्हणजे बारीक सच्छिद्र तळाच्या, काचमुशीत गाळून, विरल अमोनियानंतर अल्कोहोल आणि ईथरने धुऊन, हवेत वाळवून थेट वजन करण्याची एक पद्धत आहे. तेव्हा गुणक ०.०९९० घ्यावा. या पद्धतीत काचमूस कधीही भट्टीत घालू नये. माझ्या मते आपल्याकडील हवामानात ही पद्धत शक्यतो टाळावी. ईथर ३४.६ अंशांना उकळतो, म्हणजे उन्हाळ्यातील खोलीच्या तापमानालाच, आणि त्याची वाफ दूरच्या ज्वाळेपर्यंत पोचून पेट घेते. शिवाय स्फटिकांतील पाणी ५० अंशांच्या पुढे सुटू लागते, त्यामुळे ओव्हनमध्ये वाळवण्याचा सोपा मार्गही बंद असतो.

आकडेमोड

समजा ०.८००० ग्रॅम एप्सम मीठ घेतले, रिकाम्या मुशीचे वजन १८.२१४६ ग्रॅम होते आणि तापवल्यानंतर ते १८.५७५२ ग्रॅम झाले. पायरोफॉस्फेट ०.३६०६ ग्रॅम, त्याला ०.२१८४ ने गुणले की मॅग्नेशियम ०.०७८८ ग्रॅम, म्हणजे मिठाच्या ९.८५ टक्के. सिद्धांतानुसार ९.८६ टक्के यायला हवे, तेव्हा हे काम चांगले झाले. आकडा ९.७ च्या खाली आला तर पाण्याने धुणे, अपुरा वेळ ठेवणे किंवा कागद घाईने जाळणे या तीन शक्यता तपासाव्यात. १० च्या पुढे गेला तर जादा फॉस्फेट, अपुरे धुणे, पूर्ण न जळलेला कार्बन किंवा पाणी उडालेले मीठ यांपैकी कारण शोधावे. नमुन्यासोबत एक कोरी चाचणी, म्हणजे मॅग्नेशियमखेरीज सगळी रसायने घेऊन केलेली, जरूर चालवावी.

खरा नमुना : डोलोमाइट आणि चुनखडी

फॉस्फेट निवडक नाही, ही या पद्धतीची मोठी मर्यादा आहे. अल्कधर्मी द्रावणात सोडियम-पोटॅशियमसारखे अल्क धातू सोडले तर बहुतेक सगळे धातू फॉस्फेटबरोबर खाली बसतात, म्हणून मॅग्नेशियमची पाळी सर्वांत शेवटी येते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील चुनखडीवर सिमेंट उद्योग उभा आहे, आणि चुनखडीतील मॅग्नेशियम तिथे बारकाईने पाहावे लागते, कारण साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार मॅग्नेशियम ऑक्साइड ६ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. भट्टीत कडक भाजलेले मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्याशी फार सावकाश संयोग पावते, बांधकाम घट्ट झाल्यानंतर फुगते आणि भेगा पाडते.

शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम १३.१८ टक्के असते, तेव्हा ०.५ ग्रॅम नमुना पुरेसा होतो. तो हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून कोरडा होईपर्यंत आटवावा, म्हणजे सिलिका अविद्राव्य होते. पुन्हा आम्ल घालून ती गाळून काढावी. गाळीव द्रवात थोडे नायट्रिक आम्ल घालून उकळावे, म्हणजे सगळे लोह फेरिक अवस्थेत येते. मग अमोनियम क्लोराइड घालून मिथिल रेड जेमतेम पिवळा होईपर्यंत अमोनिया सोडावा, एक-दोन मिनिटे उकळावे आणि लोह व ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे गरम असतानाच गाळावीत. अमोनिया जास्त घातला तर ॲल्युमिनियम पुन्हा विरघळू लागते आणि थोडे मॅग्नेशियमही हायड्रॉक्साइडांसोबत अडकते.

यानंतर कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात काढतात आणि खरी कसोटी इथेच असते. आम्लधर्मी गरम द्रावणात अमोनियम ऑक्झलेट घालून अमोनियाने सावकाश उदासीन करावे आणि अवक्षेप एक तासापेक्षा जास्त वेळ मूळ द्रवात ठेवू नये. कॅल्शियम ऑक्झलेट पूर्ण बसल्यानंतर मॅग्नेशियम ऑक्झलेट मागाहून त्यावर हळूहळू जमा होऊ लागते. रात्रभर ठेवण्याचा जो नियम मॅग्नेशियम फॉस्फेटसाठी चांगला आहे, तोच इथे घातक ठरतो. डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम इतके असते की ऑक्झलेटही आम्लात विरघळवून दुसऱ्यांदा पाडावे लागते. दोन्ही वेळचे गाळीव द्रव एकत्र करून आटवावेत आणि त्यात साठलेले अमोनियम क्षार फ्यूम हूडमध्ये संहत नायट्रिक आम्लासह आटवून नष्ट करावेत. त्यानंतर पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून वर दिलेले फॉस्फेट अवक्षेपण दोनदा करावे. नमुन्यात मँगनीज असेल तर तेही अमोनियम फॉस्फेट होऊन सोबत येते, म्हणून ते ब्रोमीनसह अमोनियाने ऑक्साइडच्या रूपात आधीच काढावे किंवा अंतिम अवशेषात मोजून वजा करावे.

इतर धातू

मँगनीज स्वतंत्रपणे मोजायचे असेल तर त्याचा अवक्षेप, मॅग्नेशियमच्या उलट, गरम द्रावणात पाडतात. सौम्य अमोनियायुक्त द्रावणात फिकट गुलाबी, रेशमासारखे चमकणारे स्फटिक तयार होतात, त्यात पाण्याचा एकच रेणू असतो आणि भट्टीत त्यांचे पायरोफॉस्फेट होते. मँगनीजचा गुणक ०.३८७१ आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मँगनीज खनिजांसाठी ही पद्धत वापरायची तर लोह आधी काढणे अनिवार्य आहे.

जस्ताचा सामू फार जपावा लागतो. झिंक अमोनियम फॉस्फेट आम्लातही विरघळते आणि जास्त अमोनियातही, कारण अमोनियासोबत जस्ताचे जटिल आयन बनतात. म्हणून ते सामू ६.६ च्या आसपास, गरम द्रावणात पाडतात. हा क्षार १०५ अंशांना वाळवून ०.३६६५ या गुणकाने थेट मोजता येतो किंवा तापवून पायरोफॉस्फेट करून ०.४२९१ या गुणकाने.

बिस्मथ आणि झिर्कोनियम आम्लातच पडतात, त्यामुळे त्यांना अमोनियाची गरज नाही आणि बऱ्याच धातूंपासून ते सहज वेगळे होतात. बिस्मथ फॉस्फेट विरल नायट्रिक आम्लात पाडतात आणि द्रावणात क्लोराइड अजिबात असू देत नाहीत, नाहीतर ऑक्सिक्लोराइड सोबत येते. झिर्कोनियम १० टक्के सल्फ्युरिक आम्लातही खाली बसते; टायटॅनियम सोबत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ते द्रावणात रोखून धरावे लागते. झिर्कोनियमचा अवक्षेप साध्या पाण्याने धुतला तर त्याचे जलविघटन होऊन फॉस्फेट निघून जाते, म्हणून तो अमोनियम नायट्रेटच्या थंड द्रावणाने धुवावा आणि मगच पायरोफॉस्फेटसाठी तापवावा.